तीन मिनिटांचा हिशेब दहावीत का नाही?

राज्य मंडळाच्या आठवीच्या विज्ञानात ताऱ्यांची जीवनयात्रा आहे आणि दहावीत मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण आहे. तारे कसे जन्मतात आणि कसे संपतात, हे मुलांना आठवीत कळतं. दोन वर्षांनी आवर्तसारणी येते, तेव्हा त्या ताऱ्यांची आठवणही कुणी काढत नाही. चौकटींचा तक्ता फळ्याशेजारी टांगला जातो, पहिली वीस मूलद्रव्यं पाठ होतात, संयुजा विचारली जाते. पहिल्या चौकटीतला हायड्रोजन, पार उजव्या टोकाचा हेलियम आणि हायड्रोजनच्या खाली बसलेला लिथियम हे तिघे मुळात आले कुठून, हा प्रश्न ना धड्यात येतो ना स्वाध्यायात.

तो यायला हवा, असं माझं म्हणणं आहे. विश्वाच्या पहिल्या काही मिनिटांत हलकी मूलद्रव्यं कशी तयार झाली, हे दहावीच्या वर्गात शिकवावं. मात्र ते सुरस गोष्ट म्हणून नको, हिशेब म्हणून शिकवावं, आणि त्या हिशेबातला जो आकडा आजही जुळत नाही तोही मुलांपुढे ठेवावा.

2023 साली एनसीईआरटीने मुलांवरचा भार कमी करण्याचं कारण देऊन दहावीच्या पुस्तकातून आवर्ती वर्गीकरणाचं प्रकरणच काढलं, तेव्हा बरीच ओरड झाली. ती योग्यच होती. पण नुसता तक्ता पुस्तकात राहिला म्हणजे विज्ञान राहिलं, असं समजून आपण स्वस्थ बसलो, हे काही योग्य नव्हतं.

खानदेशात विश्वाची उत्पत्ती दोन वाटांनी लोकांपर्यंत पोचते. एक वाट गावच्या सप्ताहातल्या कीर्तनाची. तिच्याशी माझं भांडण नाही, कारण कीर्तनकार काही मोजल्याचा दावा करत नाही. दुसरी वाट 28 फेब्रुवारीची. विज्ञान दिनाला पाहुणे येतात, पडद्यावर काळ्या पार्श्वभूमीवर एक प्रचंड भडका दिसतो, ‘एका बिंदूतून महास्फोट झाला आणि सगळं निर्माण झालं’ असं सांगितलं जातं, मुलं टाळ्या वाजवतात, आभारप्रदर्शन होतं. एवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी अहिराणीत विचारतं, “सर, तठे देखाले कोन गयथा?” हशा पिकतो. पाहुणेही हसतात आणि प्रश्न हसण्यावारी जातो.

माझ्या मते त्या अख्ख्या कार्यक्रमातलं सर्वांत शास्त्रीय वाक्य तेच असतं. बघायला कुणीच गेलं नव्हतं, मग तुम्हाला कळलं कसं? भडक्याच्या चित्रात याचं उत्तर नाही. उत्तर द्यायचं तर फळ्यावर आकडे मांडावे लागतात आणि नेमकं तेच टाळलं जातं. वास्तविक हे आकडे इतके सोपे आहेत की त्यांना टाळावं का, हेच मला कळत नाही.

विश्व साधारण एक सेकंदाचं होतं तेव्हा तापमान 1000 कोटी अंशांच्या घरात होतं. इतक्या उष्णतेत अणू सोडाच, अणुकेंद्रकही टिकत नाही. होते ते सुटे प्रोटॉन, सुटे न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रिनो (म्हणजे अतिशय हलके, विद्युतभार नसलेले कण) आणि प्रकाशकण. प्रोटॉनचा न्यूट्रॉन आणि न्यूट्रॉनचा प्रोटॉन अशी अदलाबदल सतत चालू होती. न्यूट्रॉन हा प्रोटॉनपेक्षा जड, पण अगदी किंचित, हजारात दीडाहूनही कमी. तेवढ्याशा फरकाने सगळं ठरलं. जड कण घडवायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून विश्व निवत गेलं तसे न्यूट्रॉन कमी आणि प्रोटॉन जास्त होत गेले. मग विश्व इतकं विरळ आणि थंड झालं की अदलाबदल घडवणारे न्यूट्रिनो इतर कणांना भिडेनासे झाले. अदलाबदल थांबली तेव्हा प्रमाण उरलं साधारण सहा प्रोटॉनला एक न्यूट्रॉन.

पुढची अडचण रावेर-सावद्याच्या केळीवाल्याला माझ्यापेक्षा लवकर समजेल. माल कापून तयार आहे, वॅगन लागत नाही, आणि माल काही थांबणारा नाही. सुटा न्यूट्रॉन हा असाच नाशवंत माल. सरासरी 880 सेकंदांच्या आसपास तो मोडतो आणि त्याचा प्रोटॉन होतो. वाचायचं तर त्याला एखाद्या प्रोटॉनला चिकटून ड्यूटेरियम व्हावं लागतं. पण ड्यूटेरियमची ही जोडी फार कच्ची, आणि विश्वात एकेका प्रोटॉन-न्यूट्रॉनमागे दीडशे कोटींहून जास्त प्रकाशकण होते. जोडी जमली की त्यांतला एखादा जोरकस कण ती फोडायचा. तापमान 90 कोटी अंशांच्या खाली उतरेपर्यंत हेच चाललं. त्यात तीनेक मिनिटं गेली, तेवढ्यात काही न्यूट्रॉन मोडले आणि सहाला एक हे प्रमाण सातला एकवर आलं.

इथून पुढे चौथीचं गणित पुरतं. दोन न्यूट्रॉन घ्या, त्यांच्या वाट्याचे चौदा प्रोटॉन घ्या. एकूण सोळा कण झाले. हेलियमच्या केंद्रकाला दोन न्यूट्रॉन आणि दोन प्रोटॉन लागतात. म्हणजे एक हेलियम बनला, त्याचं वजन चार. बारा प्रोटॉन उरले, तोच हायड्रोजन. सोळात चार म्हणजे वजनाने 25 टक्के हेलियम आणि 75 टक्के हायड्रोजन. संगणकावर बारीक हिशेब केला की हेलियमचा आकडा 24.7 टक्क्यांच्या आसपास येतो.

चौदा हरभरे आणि दोन शेंगदाणे एवढ्या साहित्यावर हा प्रयोग वर्गात होतो. धडगाव-अक्कलकुव्याच्या आश्रमशाळेत तर मला याचं जास्त मोल वाटतं. तिथल्या पोरांची घरची भाषा पावरी किंवा भिली, मराठी त्यांना शाळेत येऊन शिकावी लागते. ‘अनादि’, ‘अनंत’, ‘महास्फोट’ अशा शब्दांच्या भडिमारात ती हरवतात. सोळातले चार मात्र कुणालाही मोजता येतात.

आता त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर देता येतं. बघायला कुणी गेलं नव्हतं, पण जे उरलं ते आजही मोजता येतं. काही छोट्या दीर्घिका अशा आहेत की जिथे ताऱ्यांनी अजून फारशी भर घातलेली नाही, ऑक्सिजनसारखी नंतरची मूलद्रव्यं तिथे अगदी थोडी सापडतात. त्यांच्या तप्त वायूतल्या प्रकाशावरून हेलियमचं प्रमाण काढलं, तर ते साडेचोवीस टक्क्यांच्या आसपास भरतं. तारेही हेलियम बनवतात हे खरं, सूर्य या क्षणी तेच करतो आहे. पण आकाशगंगेतल्या सगळ्या ताऱ्यांनी आजवर दिलेला प्रकाश जमेस धरला, तर त्यातून हेलियम निघतो काही थोडे टक्के. बाकीचा ताऱ्यांच्या आधीपासून होता, असं म्हटल्याशिवाय गत्यंतर नाही.

गाडी हेलियमपाशी का थांबली, हेही कारणासकट सांगता येतं. पाच वजनाचं टिकाऊ केंद्रक निसर्गात नाही आणि आठ वजनाचंही नाही. हेलियमला प्रोटॉन चिकटवा, ते टिकत नाही. हेलियमला हेलियम चिकटवा, तेही टिकत नाही. कसंबसं सात वजनाचा लिथियम चिमूटभर तयार झाला आणि वीसेक मिनिटांत विश्व इतकं निवलं की सगळं काम बंद पडलं. कार्बन, ऑक्सिजन, लोह यांना ताऱ्यांची वाट पाहावी लागली.

या हिशेबाचा इतिहासही दहावीच्या मुलांना कळायला हवा. कारण त्यात एकही माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर नाही. मेघनाद साहांनी 1920 साली तप्त वायूतल्या अणूंचं आयनीभवन, म्हणजे त्यांच्यातून इलेक्ट्रॉन किती सुटतात हे सांगणारं समीकरण दिलं. त्याच्या आधारे सिसिलिया पेन या तरुणीने 1925 साली दाखवलं की तारे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियमचे आहेत. त्या काळी तारे पृथ्वीसारख्याच मालमसाल्याचे असतात असा समज होता. ज्येष्ठांनी इतका दबाव आणला की तिने आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असं लिहून टाकलं. काही वर्षांत तोच खरा ठरला. 1942 साली चंद्रशेखर आणि हेनरिक यांनी सगळी मूलद्रव्यं एकाच तप्त, समतोल अवस्थेत बनली असतील का, हे गणिताने तपासलं. जड मूलद्रव्यांचं प्रमाण त्यातून जुळेना.

मग 1948 साली जॉर्ज गॅमो आणि त्यांचा विद्यार्थी राल्फ आल्फर यांनी मांडलं की प्रसरण पावणाऱ्या तप्त विश्वातच सगळी मूलद्रव्यं एकामागोमाग एक न्यूट्रॉन गिळून तयार झाली. गॅमोंनी गंमत म्हणून त्या लेखावर हान्स बेथे यांचंही नाव घातलं, म्हणजे आल्फर-बेथे-गॅमो हे आल्फा-बीटा-गॅमासारखं वाजावं. लेख 1 एप्रिलला छापून आला. चेष्टेत लेखाचा खरा धनी झाकला गेला आणि आल्फर यांना त्याची खंत आयुष्यभर राहिली. पुढे 1950 मध्ये जपानच्या हायाशींनी दाखवलं की सुरुवातीचं न्यूट्रॉनांचं प्रमाण मनाने धरायची गरजच नाही, ते भौतिकीच्या नियमांतून निघतं.

आल्फर आणि गॅमो यांचं ‘सगळी मूलद्रव्यं’ हे म्हणणं चुकलं. पाच आणि आठ वजनाच्या खड्ड्यांनी त्यांचा रस्ता अडवला. त्यांचे कट्टर विरोधक होते ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल. महास्फोटाला ‘बिग बँग’ हे नाव दिलं ते हॉइल यांनीच, 1949 च्या एका रेडिओ भाषणात, आणि त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. त्यांच्या मते विश्वाला आरंभच नव्हता आणि मूलद्रव्यं ताऱ्यांत बनतात. 1957 साली मार्गारेट आणि जेफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांनी ताऱ्यांत जड मूलद्रव्यं कशी घडतात याची जी मांडणी केली, ती आजही पायाभूत आहे. पण हेलियम काही ताऱ्यांच्या हिशेबात बसेना. तेव्हा 1964 मध्ये हॉइल यांनीच रॉजर टेलर यांच्याबरोबर गणित करून लिहिलं की एवढा हेलियम प्रचंड तापमानाच्या अवस्थेतूनच येऊ शकतो. 1967 मध्ये वॅगनर आणि फाउलर यांच्याबरोबर त्यांनी हलक्या मूलद्रव्यांचा जो तपशीलवार हिशेब मांडला, तो महास्फोटवाल्यांच्या हातचं सर्वांत बळकट शस्त्र ठरला. विरोधकानेच ते घडवून दिलं. आपल्याकडच्या वादांत असं कधी घडलेलं आठवत असेल तर मला जरूर सांगा.

मराठी वाचकाला या प्रसंगाचा आणखी एक धागा जवळचा आहे. हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर. पिढ्यान्‌पिढ्या मराठी मुलांना आकाशाकडे बघायला ज्यांनी शिकवलं, ते नारळीकर स्वतः महास्फोटाविषयी शेवटपर्यंत साशंक राहिले. 1993 नंतर हॉइल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी पर्यायी प्रारूपही मांडलं. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारलं नाही, आणि त्याची कारणं सरळ होती: हलक्या मूलद्रव्यांची प्रमाणं आणि सगळीकडून येणारं सूक्ष्मतरंगांचं पार्श्वप्रारण (म्हणजे सुरुवातीच्या तप्त विश्वाचा उरलेला प्रकाश) यांचा उलगडा महास्फोटाच्या हिशेबात जितका सहज होतो, तितका पर्यायात होत नव्हता. मे 2025 मध्ये ते गेले तेव्हा श्रद्धांजलीचे शेकडो मजकूर आले. त्यांचं म्हणणं बहुसंख्यांना का पटलं नाही, हे मात्र फार थोड्यांनी लिहिलं. मोठ्या माणसाचा मान राखून त्याचं म्हणणं आकड्यांवर तपासता येतं, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण मराठी शिक्षकाला कुठे मिळणार?

‘हे सगळं आपल्या ग्रंथांत आधीच होतं’ म्हणणाऱ्यांशी वाद घालायची माझी पद्धतही यामुळे बदलली आहे. मी चिडत नाही. हिरण्यगर्भात हेलियम किती टक्के, एवढंच विचारतो. प्राचीन कवींनी विश्वारंभावर जे लिहिलं त्यात सौंदर्य आहे, धाडस आहे, काही ठिकाणी तर आजच्या अनेक वक्त्यांपेक्षा जास्त शंका आहे. फक्त त्यात चुकू शकेल असा आकडा नाही. चुकू शकेल असा आकडा देणं हे एक वेगळं काम आहे, आणि ते वेगळं आहे हे मुलाला पंधराव्या वर्षी कळलं तर पुढे व्हॉट्सॲपवरचं निम्मं ज्ञान त्याच्यापुढे आपोआप गळून पडेल.

चुकू शकणारे आकडे बरोबर निघाले की काय होतं, त्याचं माझ्या आवडीचं उदाहरण न्यूट्रिनोंचं आहे. न्यूट्रिनोंचे प्रकार जितके जास्त, तितकं सुरुवातीचं विश्व भराभर प्रसरण पावणार, तितके न्यूट्रॉन जास्त उरणार आणि हेलियम वाढणार. 1977 साली स्टीगमन, श्रॅम आणि गन यांनी आकाशातल्या हेलियमवरून उलटं गणित केलं आणि न्यूट्रिनोंच्या प्रकारांवर वरची मर्यादा घातली. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेच्या कणप्रवेगकात 1989 पासून प्रत्यक्ष मोजणी झाली, तेव्हा उत्तर आलं तीन. दूरच्या वायूतल्या एका मूलद्रव्याच्या प्रमाणावरून कणांच्या जगाविषयी आधीच बोललं गेलं होतं आणि ते टिकलं.

दुसरं उदाहरण ड्यूटेरियमचं. विश्वात साधं द्रव्य जितकं दाट, तितकं ड्यूटेरियम पटापट हेलियममध्ये खपणार आणि कमी उरणार. दूरच्या क्वेसारांच्या, म्हणजे अतितेजस्वी दीर्घिकाकेंद्रांच्या, प्रकाशावर मधल्या वायूच्या ज्या रेषा उमटतात, त्यांवरून ते मोजलं जातं: दहा लाख हायड्रोजनमागे सुमारे 25. यावरून साध्या द्रव्याची घनता निघते. हीच घनता प्लँक उपग्रहाने पार्श्वप्रारणावरून, म्हणजे सुमारे 3 लाख 80 हजार वर्षं वयाच्या विश्वाच्या खुणांवरून काढली. पहिला पुरावा मिनिटांतला, दुसरा लाखो वर्षांनंतरचा, मोजण्याच्या पद्धती सर्वस्वी वेगळ्या, आणि उत्तर एकच: तुम्हीआम्ही ज्याचे बनलो आहोत ते साधं द्रव्य विश्वाच्या एकूण ऐवजाच्या जेमतेम पाच टक्के आहे. 2020 मध्ये इटलीतल्या ग्रान सास्सो डोंगराखालच्या प्रयोगशाळेने ड्यूटेरियम आणि प्रोटॉन यांच्या अभिक्रियेचा वेग आणखी काटेकोर मोजला. हा मेळ त्यानंतरही टिकला.

आणि मग लिथियम. इथे हिशेब अडतो.

गणित सांगतं की दर हजार कोटी हायड्रोजनमागे लिथियमचे पाच अणू असावेत. 1982 साली मोनिक आणि फ्राँस्वा स्पीत यांनी आकाशगंगेतल्या फार जुन्या ताऱ्यांच्या पृष्ठभागावर लिथियम मोजला. अनेक ताऱ्यांत तो जवळपास सारखाच निघाला, त्यामुळे हाच मूळचा लिथियम असावा असं वाटलं. पण आकडा भरतो दीडाच्या आसपास. तिपटीचा फरक. मोजणीची चूक म्हणून सोडून देता येईल इतका तो लहान नाही. जुन्या ताऱ्यांनीच आपला लिथियम हळूहळू आत ओढून नष्ट केला असावा, असं आज बरेच जण मानतात. कुणी अणुकेंद्रकांच्या अभिक्रियांचे वेग पुन्हा तपासले, त्यातून फारसं हाती लागलं नाही. कुणी अजून न सापडलेल्या कणांकडे बोट दाखवतं. वाद मिटलेला नाही. भरीला भर म्हणजे सुट्या न्यूट्रॉनचं आयुष्यही दोन पद्धतींनी मोजलं तर दहाएक सेकंदांचा फरक येतो, आणि तो का येतो याचंही ठाम उत्तर नाही.

पाठ्यपुस्तकवाले नेमकं हेच पान गाळतील, याची मला भीती आहे. ‘न सुटलेलं कशाला सांगायचं, मुलं गोंधळतील.’ मला उलट वाटतं. पुस्तकातलं सगळं विज्ञान सुटलेलं, संपलेलं, कुणा दाढीवाल्याच्या फोटोखाली जन्म-मृत्यूच्या सालांसह बंद झालेलं असतं, म्हणूनच मुलांना ते परकं वाटतं. शिवाय हा प्रश्न लपवला तर तो दुसरीकडून येणारच. लिथियम चुकला म्हणजे महास्फोट थोतांड, असं सांगणारे व्हिडिओ मराठीतही येतील. ज्या मुलाने हेलियमचा आणि ड्यूटेरियमचा हिशेब स्वतः केला आहे, त्याला तिसऱ्या आकड्याच्या चुकीचं वजन किती आणि किती नाही हे समजेल. ज्याने फक्त भडका पाहिला आहे, त्याच्याकडे ताडून पाहायला काही नसेल.

‘याचा उपयोग काय’ हा आक्षेप मला आमच्याच लोकांकडून जास्त ऐकावा लागतो. केळीवर मोझॅक व्हायरस येतो, कापसाला भाव नसतो, आणि तुम्ही हेलियम घेऊन बसलात! रागावण्यासारखं त्यात काही नाही. उपयोगच हवा असेल तर तापीच्या काठाने खाली उतरा. हतनूरवरून वाहणारं पाणी पुढे उकाईला अडतं आणि काक्रापारच्या अणुवीज केंद्राला मिळतं. त्या अणुभट्ट्यांत न्यूट्रॉनांचा वेग कमी करायला जड पाणी वापरतात, म्हणजे ड्यूटेरियमचं पाणी. तारे ड्यूटेरियम जाळतात, साठवत नाहीत. त्यामुळे जगातला जवळपास प्रत्येक ड्यूटेरियम त्या पहिल्या मिनिटांतला. आपल्या घागरीतही तो असतो, दहा लाख हायड्रोजनमागे दीडशेच्या आसपास. मूळच्या पंचविसाचे दीडशे झाले ते सूर्यमालेच्या आधीच्या थंड ढगांत पाणी बनताना ड्यूटेरियम जास्त धरून ठेवलं गेलं म्हणून.

जाता जाता, सारंगखेड्याच्या यात्रेतला फुगा दाखवून ‘यात महास्फोटातला हेलियम आहे’ असं सांगणारे वक्ते मी ऐकले आहेत. तसं सांगू नये. एकतर आपल्याकडच्या यात्रांतल्या फुग्यांत बरेचदा स्वस्तातला आणि धोकादायक हायड्रोजन भरतात. दुसरं म्हणजे पृथ्वीवर मिळणारा हेलियम हा खडकांतल्या युरेनियम-थोरियमच्या किरणोत्सर्गातून तयार झालेला आहे. मूळचा हेलियम इतका हलका की पृथ्वीला तो धरून ठेवता आला नाही. तसंच मोबाइलच्या बॅटरीतला लिथियमही बराचसा नंतरचा, ताऱ्यांत आणि वैश्विक किरणांच्या माऱ्यात बनलेला. आणि सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात सोन्याविषयी कुणी विचारलं तर सांगावं की त्याचा पहिल्या तीन मिनिटांशी काही संबंध नाही. 17 ऑगस्ट 2017 ला दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पकडल्या गेल्या आणि अशा टकरींत सोन्यासारखी जड मूलद्रव्यं घडतात याला भक्कम आधार मिळाला. अशा लहरी पकडणारी वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार आहे, तिला एप्रिल 2023 मध्ये 2600 कोटींची मंजुरी मिळाली.

पण खरं सांगायचं तर उपयोगाच्या या यादीवर माझी भिस्त नाही. या मातीत ज्ञानाला पैसा द्यायला उपयोगाचं कारण लागत नव्हतं, याचा दगडावर कोरलेला पुरावा चाळीसगाव तालुक्यात आहे. पाटणच्या देवीच्या देवळातला शिलालेख 1207 सालचा. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, असं तो सांगतो. लेख संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील येतो तेव्हा भाषा मराठी होते, म्हणजे बाजारातल्या माणसाला कळावी म्हणून असेल. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावर राजाला मिळायचा तो कर मठाला दिला, असं तिथे नोंदवलं आहे. बाजाराच्या करातून गणित आणि ज्योतिषाचं अध्ययन! भास्कराचार्यांचं जन्मगाव कोणतं यावर वाद घालण्यात आपण जितकी शाई खर्च केली, त्याच्या निम्मी या एका ओळीवर केली असती तर बरं झालं असतं. अमळनेरला प्रताप शेठजींनी 1916 साली तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाची संस्था काढली, तीही गिरणीच्या पैशावर. परंपरा म्हणायची तर ही म्हणावी.

आज आपल्या भागात विज्ञानासाठी निधी मागायचा म्हटलं की घुमटाचं तारांगण सुचतं. इमारतीचं उद्घाटन होतं, फीत कापली जाते, आणि दोन वर्षांत प्रोजेक्टरचा दिवा गेला की कुलूप लागतं. मला घुमट नको आहे. नंदुरबार, धुळे, जळगाव या तिन्ही जिल्ह्यांतल्या विज्ञान शिक्षकांना या एका विषयाचं दोन दिवसांचं प्रशिक्षण हवं आहे, आणि जळगावच्या विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या लोकांनी ते मराठीत द्यावं एवढीच अपेक्षा आहे. पुस्तकात पानं वाढवायचीही गरज नाही. आवर्तसारणीच्या प्रकरणात डोबेरायनरची त्रिकं आणि न्यूलँड्सची अष्टकं यांवर आपण जितका वेळ घालवतो, त्यातला एक तास काढला तरी हा हिशेब बसतो. त्रिकं आणि अष्टकं दोन्ही पुढे मागे पडली, तरी आपण ती शिकवतो. मग चालू असलेल्या वादाला एक तास द्यायला हरकत का असावी?

शिक्षकमित्रांचा शेवटचा आक्षेप परीक्षेचा असतो आणि तो सर्वांत प्रामाणिक आहे. हेलियमचं गणित तीन गुणांना विचारता येईल, त्याचं उत्तर 25 टक्के. लिथियमचं काय करायचं? ज्याचं उत्तर शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, त्याची आदर्श उत्तरपत्रिका मंडळ कशी छापणार आणि तपासनीस गुण कशाचे देणार? मला यात अवघड काही दिसत नाही. गणिताचा अंदाज किती, प्रत्यक्ष मोजमाप किती आणि फरक किती पट, याचा एक गुण. फरकाची दोन संभाव्य कारणं, त्याचे दोन. आणि ‘यांपैकी कोणतं कारण खरं हे अजून ठरलेलं नाही’ एवढं स्पष्ट लिहिलं असेल तर चौथा गुण. ज्याने एकच कारण ठासून खरं म्हणून लिहिलं, त्याचा तो चौथा गुण कापावा, मग ते कारण पुढेमागे बरोबर निघालं तरी.